रंजिताची पट्टी

मित्रांनो, लोणखेड्यात पपईच्या शेतांकडे जाणाऱ्या रस्त्याला एक पिवळं घर आहे. त्या घराच्या मागच्या खोलीत, लोखंडी पलंगाखाली, जुन्या चादरीत गुंडाळलेला एक सिंथेसायझर पडून आहे. तो मी. मला पाहून तुम्ही कदाचित पेटी म्हणाल. पण माझ्यात भाता नाही आणि तारही नाही. विजेच्या जोरावर मी बासरीसारखा, शंखासारखा, कधी कुणीच न ऐकलेल्या वाद्यासारखा वाजायचो. आता वाजत नाही. माझी गोष्ट तशी छोटी आहे आणि फारशी आनंदाची नाही, पण ती कुणीतरी सांगायला हवी. ज्यांच्यावर ती बेतली ती माणसं याबद्दल बोलत नाहीत.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी माझे भाग एकेक करून जोडले. मग मी जहाजातून आलो आणि सुरतच्या एका दुकानाच्या काचेमागे बराच काळ उभा राहिलो. लोक यायचे, एखादी पट्टी दाबायचे, हसायचे आणि निघून जायचे. एके दिवशी हेमकांत आला. तो शहाद्याला विज्ञान शिकत होता. त्याने माझ्यावर एकही गाणं वाजवलं नाही. एकच सूर दाबून धरला आणि डोळे मिटून तो संपेपर्यंत ऐकत राहिला. मला तेव्हाच कळलं की मी याच्याबरोबर जाणार.

सुरतहून नंदुरबारपर्यंत पॅसेंजरमध्ये मी त्याच्या मांडीवर होतो. मिरच्यांची पोती घेऊन चढलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "हाई काय शे रे भाऊ?" हेमकांत म्हणाला, "बाजा शे, बाबा. विजेवर चालस." म्हाताऱ्याने मला हात लावून पाहिला आणि झटकन मागे घेतला. बहुधा शॉक बसेल असं वाटलं असावं. घरी पोहोचल्यावर हेमकांतची आई बेबीबाई हिने, नव्या ट्रॅक्टरला करतात तशी माझी पूजा केली. माझ्या पहिल्या काळ्या पट्टीवर कुंकवाचं बोट लागलं. त्याचा लाल डाग पुढे कितीतरी दिवस होता.

हेमकांतची धाकटी बहीण रंजिता. ती माझ्या शेजारी जमिनीवर बसायची, गुडघ्यांना मिठी मारून. सुरुवातीला ती नुसती ऐकायची. मग एकदा हेमकांत एक चाल जुळवत होता आणि ती न सांगता त्यात शिरली. मित्रांनो, विहिरीत वाकून हाक मारली की आतून जो भरलेला, गार आवाज परत येतो ना, तसा तिचा आवाज होता. खालच्या सुरांत तो जास्त छान लागायचा. हेमकांत वाजवायचा थांबला आणि म्हणाला, "रंजी, आते तूच गा."

त्यांनी गाणी केली ती अहिराणीत. लग्नात, झोक्यावर, जात्यावर अहिराणी गाणी होतीच, पण माझ्यासारख्या यंत्राबरोबर ती कुणी म्हटली नव्हती. ताल द्यायला एक छोटं यंत्र होतं. ते ढोलकीसारखं नव्हे, लोखंडी पत्र्यावर गारा पडाव्यात तसं वाजायचं. सगळ्यात लाडकं गाणं होतं 'हिरवी बत्ती'. त्यात एक बाई स्टेशनावर उभी आहे आणि म्हणते, 'हिरवी बत्ती लागनी, गाडी काबर येत नही?' एवढंच. पण रंजिता ते म्हणायची तेव्हा बेबीबाई भाकरी थापायची थांबायची.

हेमकांतचा एक मित्र होता, पुनीत. त्याचे वडील केवलचंद यांचं नंदुरबारला कॅसेटचं दुकान होतं. पुनीतने ही गाणी ऐकली आणि हट्टच धरला. ओळखीच्या एका कॅसेट कंपनीला त्याने तयार केलं आणि आम्हा सगळ्यांना सुरतच्या स्टुडिओत नेलं. मोठाल्या रिळांवर आमची गाणी उतरली. रंजिता घाबरली होती. प्रत्येक गाण्याआधी हेमकांत तिला पट्टी सांगायचा, 'काळी चार', आणि मी तो सूर द्यायचो. काळी चार, म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी, हीच तिची पट्टी. त्या सुरात ती घरात चालावं तशी चालायची.

कॅसेट निघाली. तिचं नावही 'हिरवी बत्ती'च ठेवलं होतं. पुनीत पहिली कॅसेट घेऊन आला, सगळे टेपभोवती बसले आणि गाणं सुरू झालं. मी कोपऱ्यातून ऐकत होतो. माझाच आवाज मला ओळखू येईना. मी चिमणीसारखा चिवचिवत होतो. ताल पळत होता. आणि रंजिता! विहिरीतला तो गार आवाज कुठे गेला? टेपमधून एक बारीक, गोड, नाजूक पोर गात होती.

रंजिताने विचारलं, "भाऊ, मन्हा आवाज असा शे का रे?"

हेमकांत म्हणाला, "टेपवर समदासना आवाज येगळाच लागस."

हे खरंच आहे, मित्रांनो. आपलाच आवाज टेपवर ऐकला की तो परका वाटतो. म्हणून तिने विश्वास ठेवला. मी ओरडून सांगितलं असतं की हे चुकतंय, कुणीतरी फीत जोरात पळवली आहे. पण कुणी पट्टी दाबल्याशिवाय मला बोलता येत नाही.

कॅसेट मात्र तुफान चालली. जीपमध्ये, रसवंतीवर, लग्नाच्या मांडवात, मिरच्या सुकत घातलेल्या पथाऱ्यांवर काम करणाऱ्या बायकांच्या रेडिओटेपवर तीच गाणी. रंजिता बाजारात गेली की पोरी मागे यायच्या. ती बोलायला लागली की मात्र त्या एकमेकींकडे बघायच्या, कारण बोलणारी आणि गाणारी एक वाटत नव्हती.

मग तापीकाठच्या एका यात्रेत आमचा कार्यक्रम ठरला. दुपारची वेळ, मोठा मांडव, माणसंच माणसं. हेमकांतने काळी चार धरली आणि रंजिताने 'हिरवी बत्ती' सुरू केलं. ती सुंदर गात होती. मी तिच्याबरोबर होतो म्हणून सांगतो, एकही सूर हलला नाही. पण लोकांच्या कानात कॅसेट होती. त्यांना हे गाणं हळू वाटलं आणि आवाज जाड वाटला. मागून एक जण ओरडला, "हाई ती नही शे! कॅसेटवाली लया!" मग सगळेच तिला आणा म्हणून ओरडू लागले. कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी कागदाचे बोळे फेकले. रंजिताने गाणं पूर्ण केलं. ती घाबरट होती, पण अर्धवट सोडणारी नव्हती.

घरी आल्यावर हेमकांतने कॅसेट लावली आणि तिच्याबरोबर माझ्या पट्ट्या दाबून पाहिल्या. कॅसेट काळी पाचमध्ये होती. मधली पांढरी धरून दोन पट्ट्या वर. "आपन तं काळी चार धरेल व्हती," तो गोंधळून म्हणाला. मग त्यानेच उत्तर शोधलं. स्टुडिओतल्या माणसाने सांगितलं असेल, आपण गडबडीत वर धरलं असेल, आता आठवत नसेल. छापून आलेली, दुकानात विकली जाणारी कॅसेट चुकीची असेल, असं त्याच्या मनातही आलं नाही. रंजिता म्हणाली, "मंग काळी पाचमा वाजाड. लोकेसले तेच जोयजे."

माझ्या अंगावर एक बटन आहे. ते दाबलं की माझे सगळे सूर हवे तितके वर चढतात. पुढच्या कार्यक्रमाआधी हेमकांतने ते दोनदा दाबलं. तालयंत्राचा वेगही वाढवला. रंजिता पहिली ओळ कशीबशी म्हणाली. दुसऱ्या ओळीत जो उंच सूर आहे, तिथे तिचा आवाज फाटला. तिने परत प्रयत्न केला, परत फाटला. यावेळी कुणी ओरडलं नाही. लोक नुसते हसले. तिने माइक खाली ठेवला, सावकाश, कुणाला आवाज ऐकू जाऊ नये असा.

त्यानंतर घरात सगळ्यांनी मान्य केलं की रंजिताचा आवाज गेला. सुरतेला जो होता तो आता राहिला नाही. थंड पाणी प्यायली असेल, नजर लागली असेल. बेबीबाईने मीठमिरची ओवाळली, हळदीचं दूध दिलं आणि शेवटी म्हणाली, "ऱ्हाऊ दे आते, बेटा. लोके हासतस." रंजिताने राहू दिलं.

ती नर्स झाली. चिंचपाड्याला राहायला गेली, तिथेच तिचं लग्न झालं, मुलं झाली. दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी यायची. तुम्हाला ठाऊक आहे, आखाजीला लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात आणि झोक्यावर बसून गाणी म्हणतात. तेव्हा मी खिडकीजवळ असायचो, तिथून मला ते दिसायचं. बाकीच्या बाया गायच्या. रंजिता झोका घ्यायची, तोंड मिटून. कुणी आग्रह केला तर म्हणायची, "मन्हा आवाज बठी गया ना." जणू पाय मोडला आहे असं सांगावं, तसं.

हेमकांत काही वर्षं मला लग्नांच्या ऑर्केस्ट्रात नेत होता. पण त्याने स्वतःचं गाणं पुन्हा केलं नाही. पुढे तो शाळेत विज्ञान शिकवू लागला आणि मी पलंगाखाली गेलो. उंदरांनी माझी वायर कुरतडली. पावसाळ्याची ओल माझ्या आतल्या पत्र्यांवर हिरवी होऊन बसली. पाहुण्यांच्या मुलांनी माझ्या दोन पट्ट्या तोडल्या. बेबीबाई वारली. मला कुणी टाकून दिलं नाही, एवढंच.

एक माणूस मात्र ती कॅसेट विसरला नव्हता. पुनीत. केवलचंदांच्या पश्चात त्याने दुकान सांभाळलं. कॅसेटी गेल्या, सीड्या गेल्या, आता तिथे मोबाइलची कव्हरं लटकतात. तरी सकाळी शटर उघडलं की तो आधी 'हिरवी बत्ती' लावायचा. फीत तुटली की चिकटवायचा. त्याला ती नाजूक पोर फार आवडायची. सुरतचा तो स्टुडिओ पाडणार असं कळलं, तेव्हा तो स्वतः गेला आणि बुरशी लागलेली मूळ रिळं घेऊन आला. पुण्यात अशा जुन्या रिळांतला आवाज धुऊनपुसून पुन्हा बाहेर काढणारा एक तंत्रज्ञ आहे. त्याच्याकडे ती गेली. हल्ली अशा नव्या आवृत्तीला रीमास्टर म्हणतात. एका नव्या कंपनीने ती काढायची ठरवली.

गेल्या आखाजीची गोष्ट. रंजिता माहेरी आलेली होती. आता तिचे केस पांढरे झाले आहेत. मध्ये तिच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि तेव्हापासून बोलतानाही तिचा आवाज कागद चुरगळावा तसा येतो. दुपारी जेवणं झाली आणि पुनीत एक स्पीकर घेऊन आला. ते मागच्याच खोलीत बसले, माझ्या पलंगावर.

पुनीत म्हणाला, "आधीच सांगतो, मला पहिल्यांदा हे अजिबात आवडलं नाही. माझं गाणं कुणीतरी बिघडवलं असं वाटलं. मग परत ऐकलं. आता तुम्ही ऐका."

आधी थोडी शांतता. मग एका तरुण मुलाचा आवाज आला, "काळी चार. रंजी, घाबरू नको. म्हन." तो हेमकांतचा आवाज होता. कंपनीने कॅसेट काढताना हे शब्द कापले होते. रिळावर ते तसेच राहिले होते. त्यामागे माझा सूर आला. खरा, पूर्ण, पोटातून आलेला. मित्रांनो, इतक्या वर्षांनी मी मला भेटलो.

आणि रंजिता गाऊ लागली. कॅसेटवर सगळं एकमेकांवर चढून बसलेलं होतं. इथे प्रत्येक आवाजाला त्याची जागा मिळाली होती. खालचा खर्ज वेगळा ऐकू येत होता. तालाच्या गारा एकेक करून पडत होत्या. ओळ सुरू करण्याआधी ती घेत असलेला श्वासही कळत होता. 'गाडी काबर येत नही' म्हणताना ती शेवटच्या अक्षरावर थांबली होती, वाट पाहणारं माणूस थांबतं तशी. कॅसेटच्या घाईत तो थांबा कधी ऐकूच आला नव्हता. तो विहिरीतला आवाज होता. यात्रेत लोकांनी ज्याला परत पाठवलं तोच.

गाणं संपलं. हेमकांत म्हणाला, "पुनीत, हाई हळू काबर शे?"

"हळू नाही. हाच खरा वेग आहे. कंपनीनं कॅसेट भरताना गाणी पळवली होती. पळती गाणी लग्नात चालतात, आणि फीतही कमी लागते. पुण्याच्या माणसानं रीळ लावल्याबरोबर सांगितलं."

रंजिताने स्पीकर हातात घेऊन पाहिला. मग म्हणाली, "म्हनजे यात्रामा मी बरोबर गाई ऱ्हायनी व्हती?"

"हां," हेमकांत म्हणाला.

"मन्हा आवाज गयाच नव्हता?"

"बटन तं मी दाबं, रंजी," हेमकांत म्हणाला. "दोन पट्टी वर मीच चढाई दिधी."

तिने त्याला दोष दिला नाही. रागावली असती तर कदाचित त्याला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "हाई कळनं नसतं तं बरं व्हतं, भाऊ. आवाज गया म्हनीसन मी रडी लिधं आनि इसरी गयी. आते कसाकरता रडू?"

बाहेर झोक्यावरच्या बायकांचं गाणं चालू होतं. कुणीतरी तिला हाक मारली, "रंजिता, ये ना वं!" रंजिता पलंगाखाली बोट दाखवून हेमकांतला म्हणाली, "ते काढ."

हेमकांतने मला पलंगाखालून ओढलं. चादर सोडली, धूळ पुसली, कुरतडलेली वायर जोडली. माझा लाल दिवा पेटला तेव्हा मलाच नवल वाटलं. बऱ्याच पट्ट्या मुक्या झाल्या होत्या, पण खालचे सूर अजून शिल्लक होते. त्याने काळी चार धरली. रंजिता माझ्या शेजारी जमिनीवर बसली. पहिली ओळ तिने म्हटली. आवाज खरखरीत होता, पण सुरात होता. दुसऱ्या ओळीला तिचा श्वास पुरला नाही. ती थांबली, गळ्यावर हात ठेवला आणि पुन्हा म्हणून पाहिलं. आता नुसती हवा आली. यावेळी आवाज खरोखरच गेलेला होता.

"बस," ती म्हणाली.

त्याच वेळी माझ्या आत काहीतरी जळलं. आधी वास आला, मग बारीक धूर, आणि लाल दिवा विझला. हेमकांतने घाईघाईने प्लग ओढला. पुढे तो मला नंदुरबारला दुरुस्तीलाही घेऊन गेला, पण माझे भाग आता कुठे मिळत नाहीत.

निघताना पुनीत दारात घुटमळला. "रंजिता, एक विचारायचं होतं. जुन्या चाहत्यांसाठी कॅसेटच्या वेगातली गाणीही शेवटी जोडायची म्हणतात. तुझी परवानगी हवी."

"नको," ती म्हणाली. "ती पोर कधी व्हतीच नही."

"पण माझं सगळं तरुणपण त्याच आवाजात आहे गं."

"तुन्हाकडे कॅसेट शे ना? ती आयक. माले इचारू नको."

पुनीतने मान खाली घातली आणि पायताण घातलं. त्यालाही काही कमी दुःख झालं नव्हतं. आयुष्यभर ज्या पोरीचा आवाज त्याने जपला, ती कधी नव्हतीच असं ती स्वतःच सांगत होती.

नवी आवृत्ती निघाली. काही जाणकारांनी नावाजली. पण आपल्या भागातल्या बऱ्याच लोकांनी इंटरनेटवर गाण्यांखाली लिहिलं की जुनी मजा नाही, झोप येते, आवाज बाईचा वाटत नाही. हेमकांत हे सगळं मोबाइलवर वाचत माझ्याजवळ बसला होता, तेव्हा रंजिताचा फोन आला.

"काय म्हनतस लोके?" तिने विचारलं.

"चांगलं म्हनतस," हेमकांत म्हणाला.

तिच्या मागे काहीतरी हळू आवाजात वाजत होतं. पत्र्यावर एकेक करून गारा पडाव्यात तसं. हेमकांतने विचारलं, "तठे काय वाजी ऱ्हायनं?"

"काही नही," ती म्हणाली, आणि ते बंद झालं.

मित्रांनो, मला कुणी दुरुस्त करावं अशी माझी आता इच्छा नाही. यंत्राचं वय होतं, तसं माझं झालं. माझी विनंती वेगळीच आहे. तुमच्या वर्गात, गल्लीत, घरात कुणी गात असेल, बोलत असेल, चित्र काढत असेल आणि ते तुम्ही आधी पाहिल्या-ऐकल्यासारखं नसेल, तर लगेच हसू नका. ते पूर्ण होईपर्यंत थांबा. आणि कुणी हसलंच, तर ज्याच्यावर हसले त्याच्याजवळ जाऊन एकदा सांगा की मला आवडलं. त्या यात्रेत इतकी माणसं होती. त्यांतल्या एकालाही तिचं गाणं आवडलं नसेल, असं मला वाटत नाही. पण ज्याला आवडलं, तो गप्प बसला.